धोक्याचे बटण

बँकेत रोखपालाच्या टेबलाखाली एक लहान बटण असते. समोरच्या माणसाला ते दिसत नाही. पण रोखपालाला न वाकता, न बघता दाबता आले पाहिजे. काही ठिकाणी ते पायाने दाबतात. गुडघा लागून घंटा वाजणार नाही, अशीच जागा निवडावी. खोटी घंटा रोज वाजली, तर खऱ्या वेळी कोण धावणार?

बटणापासून नियंत्रण पेटीपर्यंत तार जाते. तारेतून थोडी वीज सतत वाहत असते. बटण दाबले, की प्रवाह तुटतो आणि घंटा वाजते. गंमत अशी, की चोराने तार कापली तरी हेच घडते! वीज गेल्यास पेटीतली बॅटरी कामाला येते. ती बहुधा १२ व्होल्टची असते.

बटण अधूनमधून दाबून पाहावे. मात्र आधी सर्वांना तसे सांगावे.