विश्लेषण : लाडक्या श्वानाला कर्करोग झाला तर? केमोथेरपी कशी देतात, घरी काय सांभाळावे?

गळ्याखाली खाजवताना एक दिवस हाताला सुपारीएवढी गाठ लागते. ती दुखत नसते, श्वान जेवतोही नेहमीसारखा. त्यामुळे आठवडा-पंधरा दिवस असेच जातात. मग तपासणी होते आणि डॉक्टर ‘लिम्फोमा’ हा शब्द उच्चारतात. त्यानंतर घरात दोनच प्रश्न उरतात. तो बरा होईल का? आणि उपचारांत त्याचे हाल तर होणार नाहीत ना? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना वाटते त्यापेक्षा दिलासादायक आहे. पहिल्याचे उत्तर मात्र कर्करोगाच्या प्रकारावर ठरते.

सगळे कर्करोग सारखेच असतात का?

नाही. भारतात भटक्या श्वानांमध्ये आणि त्यांच्या संपर्कात आलेल्या पाळीव श्वानांमध्ये ‘टीव्हीटी’ हा मुख्यतः जननेंद्रियांवर होणारा ट्यूमर नेहमी आढळतो. समागमातून, तसेच चाटण्या-हुंगण्यातून तो एका श्वानाकडून दुसऱ्याकडे जातो. माणसाला त्याची लागण होत नाही. व्हिन्क्रिस्टिनचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा, असे साधारण ४ ते ६ आठवडे दिल्यास बहुतांश श्वान पूर्ण बरे होतात. हे औषध सदाफुलीतील द्रव्यापासून मिळते. मात्र म्हणून अंगणातल्या सदाफुलीचा पाला खाऊ घालू नये. ते झाड श्वानांसाठी विषारी आहे.

मादीच्या स्तनांतील गाठींपैकी साधारण निम्म्या कर्करोगाच्या नसतात. ज्या असतात, त्यांच्यावर शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार आहे. लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. तो औषधांना चांगला प्रतिसाद देतो, पण कायमचा बरा होणे दुर्मीळ. म्हणूनच गाठ नुसती हाताने पाहून निष्कर्ष काढता येत नाही. बारीक सुईने पेशी काढून, गरज पडल्यास तुकडा काढून तपासणी करावी लागते.

केमोथेरपीचा उद्देश काय असतो?

माणसांमध्ये रोग समूळ जावा म्हणून मोठ्या मात्रेचा त्रास सोसला जातो. श्वानाला मात्र ‘आज सोस, पुढे बरे वाटेल’ हे समजावता येत नाही. त्यामुळे औषधांची मात्रा आधीच बेताची ठेवली जाते. जेवढे आयुष्य मिळेल ते चांगले जावे, हा पहिला हेतू असतो.

लिम्फोमासाठी ‘चॉप’ ही उपचारपद्धती प्रचलित आहे. त्यात सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन ही ४ औषधे ठरावीक क्रमाने साधारण ४ ते ६ महिने दिली जातात. १० पैकी ८ ते ९ श्वानांच्या गाठी ओसरतात आणि अनेकांना सुमारे वर्षभराचे आयुष्य मिळते. उपचार न केल्यास बहुतेकदा महिना-दीड महिनाच हाती असतो. कोलीसारख्या काही जातींमध्ये जनुकीय बदलामुळे यातील काही औषधे नेहमीच्या मात्रेतही घातक ठरू शकतात. जात आधीच सांगावी.

कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवावे?

इंजेक्शननंतर २ ते ५ दिवसांत उलटी, जुलाब किंवा जेवणाची नावड दिसू शकते. ती बहुधा औषधाने आटोक्यात येते. खरा धोका पुढे असतो. साधारण ७ ते १० दिवसांनी पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि संसर्ग पटकन होतो. श्वानाचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०३च्या वर गेले, श्वान मलूल झाला किंवा पाणीही पोटात ठरेना, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.

बहुतेक जातींचे केस माणसांसारखे झडत नाहीत. पूडल, शिह त्झू यांसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींत ते विरळ होतात. प्रेडनिसोलोनमुळे तहान, भूक आणि लघवी वाढते. घरात लघवी झाली म्हणून ओरडू नये. ही गोळी मनाने एकदम बंदही करू नये. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही माणसांची औषधे कदापि देऊ नयेत.

घरच्यांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी?

औषधाचे अंश लघवी, शी आणि उलटीतून बाहेर पडतात. इंजेक्शननंतर किमान ३ दिवस हातमोजे घालून साफसफाई करावी, अंथरूण वेगळे धुवावे. केमोच्या गोळ्या फोडू किंवा कुटू नयेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिलांनी, तसेच लहान मुलांनी ही कामे करू नयेत. श्वानाला जवळ घेण्याला, थोपटण्याला मात्र कसलीही आडकाठी नाही.

खर्चाचा अंदाज इंजेक्शनपुरता न विचारता दर वेळच्या रक्ततपासणीसह लेखी घ्यावा. दुसऱ्या मतासाठी मुंबईतील परळ, नागपूर, शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचा पर्याय आहे.

थांबायचे कधी, हे कसे ठरवावे?

अमेरिकी पशुवैद्यक डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी त्यासाठी एक मोजपट्टी दिली आहे. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या ७ बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे. बेरीज ३५च्या वर असेल, तर श्वानाचे जगणे साधारण सुसह्य मानले जाते. वेदना असह्य असतील किंवा श्वास घेणे कठीण झाले असेल, तर मात्र बेरजेत अडकू नये.

एका वाईट रात्रीवरून निर्णय होऊ नये, तसाच एका चांगल्या सकाळीवरून तो पुढेही ढकलला जाऊ नये. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज चांगला की वाईट दिवस याची खूण केली, तर महिन्याभराचे चित्र समोर राहते. कोणत्या टप्प्यावर थांबायचे, हे घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांसमोर उपचार सुरू करतानाच बोलून घ्यावे. गंभीर अवस्थेतील श्वान टेबलावर असताना हा विचार नीट होत नाही.

केमो थांबवणे म्हणजे उपचार थांबवणे नव्हे. वेदनाशमन, मळमळीवरची औषधे, आवडीचे जेवण हे सुरूच राहते. त्यानेही भागेनासे झाले, तर भूल देऊन वेदनारहित निरोप देण्याचा मार्ग पशुवैद्यकांकडे असतो. तो निवडणाऱ्या कुटुंबाने काळजी घेण्यात कसूर केली, असे मानण्याचे कारण नाही.