माशाचें वजन आणि पावाचें मोल

पोर्तुगालच्या दक्षिण टोंकाला अल्गार्व्ह नांवाचा किनारा आहे. तेथील एका भोजनगृहांत माझी थोडी फजिती झाली होती. ती सांगूनच आरंभ करतों.

आम्ही टेबलाशीं बसतों न बसतों तोंच वाढप्यानें न मागतां पाव, लोणी, ऑलिव्हचीं फळें आणि मेंढीच्या दुधाचें लहानसें चीज आणून ठेवलें. पाहुणा आला कीं त्याच्यापुढें गूळपाणी ठेवणाऱ्या घरांत मी वाढलों. मला हें आतिथ्यच वाटलें. आम्हीं सगळें फस्त केलें. शेवटीं बिल आलें, तों प्रत्येक वस्तूची किंमत निराळी मांडलेली! एकट्या चीजचे पैसे माझ्या सूपाहून अधिक होते. आपणांस लुबाडलें असें पुटपुटत मी बाहेर पडलों. चूक माझीच होती, हें मागाहून कळलें.

पोर्तुगालमध्यें या आरंभींच्या पदार्थांना ‘कुव्हेर’ म्हणतात. हा तेथला जुना रिवाज आहे, आणि तो फुकट नसतो हें तेथील लहान मुलालाहि ठाऊक असतें. परंतु त्याची दुसरी बाजू प्रवाशाला कोणी सांगत नाहीं. जो पदार्थ आपण मागितला नाहीं व ज्याला हातहि लावला नाहीं, त्याचे पैसे घेतां येत नाहींत, असें 2015 सालच्या कायद्यांत स्पष्ट आहे. म्हणून नको असेल तें लगेच परत करावें. पुरुषानें ‘नाउं, ओब्रिगादू’ आणि स्त्रीनें ‘नाउं, ओब्रिगादा’ एवढें म्हटलें कीं पुरे. कोणालाहि राग येत नाहीं. इतकेंहि करून अन्याय झालाच, तर प्रत्येक भोजनगृहाला तक्रारवही ठेवावीच लागते, ती मागावी.

हा किनारा मूळचा कोळ्यांचा. पोर्तिमांव गांवीं तारल्या डब्यांत भरण्याचे कारखाने होते. त्यांपैकीं एका कारखान्याच्या इमारतींत आज गांवाचें संग्रहालय आहे. 1965 सालीं फारू येथें विमानतळ सुरू झाला आणि उत्तर युरोपांतील थंडीला कंटाळलेली माणसें येथें लोटूं लागली. आज समुद्रालगतच्या रस्त्यावर दारांत उभा राहून चार भाषांत हांका मारणारा मनुष्य आणि पदार्थांचीं रंगीत छायाचित्रें ठिकठिकाणीं दिसतात. मला स्वतःला हांका मारणाऱ्या दारांत शिरवत नाहीं. जुन्या धर्तीचें घर बहुधा एखाद्या मागच्या गल्लींत असतें. दाराशीं फळ्यावर खडूनें दिवसाचे पदार्थ लिहिलेले, आणि आंत बर्फावर मासे मांडलेले. कवचीचे जीव, म्हणजे कोळंबी, खेकडे, शेवंड, शिंपल्या, हेंच ज्याचें मुख्य भांडवल त्याला ‘मारिश्केइरा’ म्हणतात.

येथें जेवण टेबलावर सुरू होत नाहीं; त्या बर्फापुढें सुरू होतें. उठून जावें आणि मासा स्वतः निवडावा. डोळा कसा पाहावा, कल्ले कसे उघडून पाहावे, हें कोळणीच्या पाटीपुढें बसून घासाघीस केलेल्या गृहिणीला मीं सांगावयास नको. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मोठ्या माशाचा दर बहुधा किलोवर असतो, आणि वजन सबंध माशाचें, म्हणजे डोकें व कांटे धरून, होतें. किलोला 60 यूरो असा दर असेल आणि मासा 800 ग्रॅम भरला, तर 48 यूरो झाले. हें चुलीवर चढण्यापूर्वीं विचारावें. मग विचारण्यांत अर्थ नाहीं. स्वस्त मासा बऱ्याचदा तळ्यांत वा पिंजऱ्यांत पोसलेला असतो, तेंहि विचारतां येतें. आणखी असें कीं ‘एक वाढणी’ म्हणजे पुष्कळदां दोघांना पुरेल एवढें ताट. अर्ध्या वाढणीला ‘मेया दोझ’ म्हणतात.

भाजण्याची रीत अगदीं साधी आहे. जाडें मीठ, कोळशाचा विस्तव, वरून ऑलिव्हचें तेल व लिंबू. आपल्या तिखटावर पोसलेल्या जिभेला पहिले दोन घांस सपक लागतात, हें मी लपवीत नाहीं. तिसऱ्या घांसाला मात्र माशाचीच चव लागूं लागते. तारली जूनपासून खरी मेदानें भरते. पावाच्या कापावर ठेवून ती हातानें खातात आणि तिचें तेल पावांत उतरतें. गेल्या दशकांत समुद्रांतल्या तारल्या फार घटल्या आणि पकडीवर कडक मर्यादा घालाव्या लागल्या. हिवाळ्यांत ताटांत आलेली तारली बहुधा गोठवून ठेवलेली असते, तेव्हां ती त्या ऋतूंत मागूंच नये.

खरें कौतुक आहे तें ‘काताप्लाना’चें. तांब्याच्या दोन खोलगट वाट्या बिजागरीनें जोडलेल्या. मिटल्या कीं तें भांडें थेट शिंपल्यासारखें दिसतें. त्यांत कांदा, टोमॅटो, लसूण, तमालपत्र आणि थोडी पांढरी द्राक्षमदिरा घालून वर तिसऱ्या, कोळंबी वा माशाचे तुकडे रचतात, भांडें घट्ट मिटतात आणि दमावर शिजवितात. वाफ बाहेर जात नाहीं. तिसऱ्या उघडतात त्या आपल्याच रसांत. भांडें मिटलेलेंच टेबलावर येतें आणि तेथें उघडतात. पुष्कळदां त्यांत डुकराच्या मांसाचे तुकडेहि असतात. ज्यांना तें वर्ज्य त्यांनीं आधीं सांगावें.

तिसऱ्यांचा दुसरा प्रकार 1912 सालीं निवर्तलेल्या बुल्यांव पातू नांवाच्या कवीच्या नांवानें ओळखला जातो. तेल, लसूण, लिंबू आणि मूठभर हिरवी कोथिंबीर! युरोपांत इतरत्र कोथिंबिरीशीं फारसें सख्य नाहीं. पोर्तुगालच्या दक्षिणेंत ती आपल्याइतकीच सढळ हातानें घालतात. झांकण उघडतांच जो वास येतो, त्यानें परदेशीं बसलेल्या माणसाला क्षणभर कोंकणांतलें स्वयंपाकघर आठवतें.

दुसऱ्या दिवशीं मी अशाच एका मागच्या गल्लींतल्या घरीं गेलों. मासा निवडला, तराजू पाहिला, चीज व लोणी परत केलें. पाव मात्र राहूं दिला. आपला हा शब्दहि तिकडचाच. पोर्तुगीज ‘पांव’ तोच आपला पाव. तिसऱ्यांचा रस तळाशीं उरला होता, आणि तो टिपावयाला दुसरें कांहीं चालण्यासारखें नव्हतें. बिलांत त्या पावाचे पैसे होतेच. ते मीं निमूटपणें दिले.