ख्रिस्तपुराण : तारणाची कथा ओवीच्या वाटेने

पवित्र शास्त्रात जे लिहिले आहे, त्यात आपल्या कल्पनेची भर घालावी काय? उपवासकाळात प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्यरूप सादर होते, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. मराठी भाषेत त्याचे जे सर्वांत जुने आणि भरभक्कम उत्तर मिळते, ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त.

हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत बहुतेक काळ साष्टीत (गोव्यातील साष्टी, आपल्या ठाण्याकडील नव्हे) राबले. जवळपास ११ हजार ओव्यांचा त्यांचा ग्रंथ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. नवख्रिस्ती लोकांनी जुनी पुराणे सोडली होती. त्यांच्या जागी वाचावयास काही नव्हते. हीच मागणी एक ब्राह्मण श्रोता पाद्रींपुढे मांडतो आणि तेथून ग्रंथाची कथा सुरू होते.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. नवख्रिस्ती माणसाला थेट गोठ्यापाशी न नेता आधी आदाम-एवेपाशी का नेले असावे? ज्याला बंधन ठाऊक नाही, त्याला सुटका कशी समजावी? संत पौलाने रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात हीच जोडी मांडली आहे : एका माणसाच्या आज्ञाभंगाने मरण आले, एकाच्या आज्ञापालनाने जीवन.

लेवीय ग्रंथाच्या २५व्या अध्यायात एक नियम आहे. दारिद्र्यामुळे कोणी जमीन विकली किंवा स्वतःलाच विकले, तर त्याच्या जवळच्या नातलगाने मोल देऊन ती जमीन वा तो माणूस सोडवावा. अशा सोडवणाऱ्याला इब्री भाषेत ‘गोएल’ म्हणतात. रूथची कथा बवाज या अशाच नातलगाभोवती फिरते. आपल्या मराठीतही ‘तारण’ शब्दाला उद्धार आणि कर्जासाठी ठेवलेली वस्तू असे दोन्ही अर्थ आहेत, हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो. गहाण शेत सोडवताना घरच्यांनी काय सोसले, हे ज्याने पाहिले आहे त्याला ‘मोल देऊन’ या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मात्र सोडवणारा नातलगच असावा लागतो. म्हणून देवपुत्राला आपला भाऊ व्हावे लागले, आणि म्हणून गोठा, गव्हाण, आईची कूस यांचे कल्पनेने केलेले दर्शन ही केवळ सजावट राहत नाही.

संत इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधने’त हीच रीत शिकवली आहे. पवित्र त्रैक्य पृथ्वीवरील माणसांकडे पाहून त्यांच्या उद्धाराचा निश्चय करते, असे दृश्य साधकाने डोळ्यांपुढे आणावयाचे. बेथलेहेमच्या वाटेवर मरिया आणि योसेफ यांच्याबरोबर एक दासीही आहे. शुभवर्तमानात ती कोठेच नाही. साधकाने त्या प्रसंगात स्वतःलाही एक क्षुद्र सेवक मानावे, असे संत सुचवतात. मात्र मूळ इतिहास प्रामाणिकपणे सांगावा, हे त्यांनी आरंभीच बजावले आहे. आमच्या मते सीमारेषा येथेच आहे. दासीची भर चालेल. क्रूसाशिवाय सुटका दाखवणारे कथानक, कितीही रसाळ असले, तरी चालणार नाही.

स्टीफन्स यांनी स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले, याचे आजही काहींना आश्चर्य वाटते. श्रोत्यांच्या ओळखीचा शब्द घेऊन कथेच्या ओघात त्यांनी त्यात नवा अर्थ भरला. पुढे विसाव्या शतकात रेव्ह. नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. १९१९ साली त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१६८४ साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यात स्थानिक भाषांवर बंदी घातली, तरी हा ग्रंथ हस्तलिखितांतून टिकला. १९०७ साली मंगळुरात जोसेफ सालढाणा यांनी त्याची आवृत्ती काढली आणि १९९६ साली मुंबईहून कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती आली. जुनी भाषा प्रथम अडखळवते. ज्यांना भीती वाटते, त्यांनी दुसऱ्या पुराणातील जन्मकथेपासून आरंभ करावा, आणि मनात न वाचता मोठ्याने वाचावे.