गोदाम आणि घराणे : वाटणीचा पेच

चेन्नईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग आंध्र प्रदेशात शिरण्याआधी गुम्मिडिपूंडीवरून जातो. इथे 'सिपकॉट' या सरकारी महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे, दक्षिणेला एन्नोर आणि कट्टुपल्लीची बंदरे, सीमेपलीकडे श्रीसिटी ही औद्योगिक नगरी. अशा पट्ट्यात घराण्याच्या मालकीचे गोदाम चालते ते मालकाच्या हुशारीवर, असे मानण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. जुलै २०१७ पूर्वी परराज्यात विकलेल्या मालावर केंद्रीय विक्रीकर लागे, पण स्वतःच्याच परराज्यातल्या गोदामात माल नुसता हलवला तर लागत नसे. म्हणून कंपन्या राज्यागणिक गोदाम ठेवत आणि जमीनमालकाला भाडेकरू आयता मिळे. आपल्या भिवंडीचेही तसेच, फक्त तिथे मुंबईच्या जकातनाक्याबाहेर असणे हे भांडवल होते.

जीएसटीने ही दोन्ही कारणे एकदमच संपवली. तरी भिवंडी ओस पडली नाही, कारण कर गेला तरी बंदर, महामार्ग आणि शहराची भूक जागच्या जागी राहिली. बदलली ती भाडेकरूची मागणी. दहा ठिकाणच्या लहान गाळ्यांऐवजी त्याला एकच उंच छपराचे गोदाम हवे, जड रॅक पेलणारी फरशी हवी, कंटेनर वळेल एवढे आवार हवे. घराण्याचा खरा पेच इथे सुरू होतो. गाळ्यांची रांग चार भावंडांत वाटता येते, पण एक फाटक आणि एक ट्रान्सफॉर्मर असलेले अखंड गोदाम वाटता येत नाही. त्यातच हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मतः वाटा मिळाला : तमिळनाडूत १९८९ मध्ये, महाराष्ट्रात १९९४ मध्ये (दोन्हीकडे तेव्हा अविवाहित असलेल्यांना), आणि २००५ मध्ये देशभर. हे न्याय्यच झाले. पण प्रत्यक्ष वाटणी सोयीची नसेल, तर मालमत्ता विकून पैसे वाटण्याचा आदेश देण्याची मुभा १८९३ चा वाटणी कायदा न्यायालयाला देतो. म्हणजे किमान निम्मा हिस्सा असलेल्या वारसांनी मागणी केली, तर गोदाम विक्रीला निघू शकते.

यावर सनदी लेखापाल सांगतील : खाजगी कंपनी काढा, शेअर वाटा. सल्ला वाईट नाही, मात्र फुकटही नाही. जमीन कंपनीच्या नावे करताना मुद्रांक शुल्क भरावे लागते. आणि सहमालक म्हणून भाड्यात वाटा मागणे हा हक्क असतो, तर भागधारकाला लाभांश संचालकांनी सुचवला तरच मिळतो. अल्पमतातल्या बहिणीच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. दुसरा सल्ला असा की, मोठ्या गुंतवणूकदाराला विकून मोकळे व्हावे. खाजगी मालकीच्या जमिनीवर ते शक्य आहे. सिपकॉटच्या भूखंडावर मात्र कुटुंबाच्या हाती ९९ वर्षांचा भाडेपट्टा असतो, मालकी नव्हे. तिथे हस्तांतरणाचा प्रश्न आधी महामंडळाच्या टेबलावर जातो. त्यामुळे भाडे कसे वाटायचे, दुरुस्तीचा खर्च कोणी उचलायचा आणि बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कोणत्या दराने घ्यायचा, याचा लेखी करार नवे छप्पर चढवण्याआधीच व्हायला हवा. त्या बांधकामाच्या कर्जासाठी जमीन तारण ठेवायची, तर बँक सगळ्याच सहमालकांच्या सह्या मागते.