घाणा, तेल आणि जुनीं कागदपत्रें

चाळीसगांवाजवळील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख अभ्यासकांस परिचित आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून स्थापिलेल्या मठास जीं उत्पन्नें लावून दिलीं, त्यांत चालत्या प्रत्येक घाण्यामागें पळीभर तेल हें एक आहे. हें तेल कशाचें, हें तेथें सांगितलेलें नाहीं. परंतु तें भुइमुगाचें नव्हतें, हें निश्चित. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेंतला, इ. स. १४९२ पूर्वीं तो इकडे नव्हताच.

वऱ्हाडांतील मालेगांव (जहांगीर), हल्लींचा जिल्हा वाशीम, येथील एखाद्या जुन्या वहींत नुसतें 'तेल' आढळलें, तरी हाच विवेक ठेवावा लागेल. (नाशिक जिल्ह्यांतील मालेगांव निराळें.) या प्रांतीं जवस, तीळ व करडई यांचें तेल जुनें, आणि हिंदुस्थानांत भुईमूग व्यापारी पीक म्हणून पसरला तो एकोणिसाव्या शतकांत. घाण्याचें तेल व कारखान्याचें तेल यांतील भेद ध्यानीं नसल्यास शब्दांचा अर्थ चुकतो. म्हणून कारखान्यांतील क्रिया थोडक्यांत देतों.

शेंगा प्रथम चाळून त्यांतील माती व खडे काढतात, आणि लोहचुंबकानें लोखंडाचे तुकडे वेगळे करतात. नंतर यंत्रानें टरफलें फोडून दाणे निवडतात, ते चेंदतात व वाफेनें शिजवितात. दाण्यांत सुमारें ४५ ते ५० टक्के तेल असतें. घाण्यांत लाकडी लाट बैलाच्या गतीनें फिरते. एक्स्पेलरांत लोखंडी पिंजऱ्यामध्यें मळसूत्री दांडा फिरून दाणा दाबला जातो. तरी पेंडींत सहा ते आठ टक्के तेल राहतें. तें हेक्झेन या द्रावकानें काढतात, आणि मग पेंडींत जेमतेम एक टक्का उरतें.

यापुढें शुद्धीकरण. पाण्यानें किंवा सौम्य आम्लानें चिकट द्रव्यें काढतात. कॉस्टिक सोड्यानें मुक्त आम्लें साबणरूपानें खालीं बसवितात. धुवून वाळविलेलें तेल विशिष्ट मातीबरोबर तापवून तिच्याकडून रंग शोषवितात. शेवटीं निर्वात पात्रांत अत्युष्ण वाफ सोडून वास उडवितात. अशा रीतीनें रंग, वास व चव हीं तिन्हीं जवळजवळ नाहींशीं होतात.

येथेंच आमच्या विषयाचें मर्म आहे. घाण्याचें तेल वासावरून ओळखूं येई, म्हणून लिहिणारास नांव लिहिण्याची गरज वाटली नाहीं. शुद्ध केलेल्या तेलांत ती खूण उरत नाहीं, म्हणून डब्यावर बियांचें नांव छापावें लागतें. जुन्या नोंदींतील मौन हें अज्ञान नसून परिचय आहे.

यावरून दोन गोष्टी आम्ही सुचवितों. शिवकालीन म्हणविणाऱ्या कागदांत भुइमुगाच्या तेलाचा उल्लेख आल्यास, केवळ तेवढ्यावरून कागद बनावट ठरवूं नये. परंतु कागद, शाई व मोडी वळण यांची कसून परीक्षा केल्यावांचून तो प्रमाणही मानूं नये. दुसरें, घाण्यांच्या व तेलगिरण्यांच्या जुन्या वह्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. कोणतें बी कोणत्या वर्षीं गांवांत आलें आणि घाणा केव्हां थांबला, याचा पुरावा सनदांत मिळत नाहीं. तो या तेलकट पानांतच आहे.