ज्याचे शिष्यही गुरू झाले

ख्रिस्तसभेच्या उपासना-पंचांगात २ जानेवारी हा संत बासील आणि संत ग्रेगरी नाझियान्झेन या दोन थोर आचार्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. हे दोघे मित्र तारुण्यात अथेन्स नगरीत एकत्र शिकले आणि पुढे स्वतः अनेकांचे गुरू झाले. २०१९ साली याच दिवशी मुंबईत एका निराळ्या प्रकारच्या गुरूने इहलोकीची यात्रा संपविली. त्यांचे नाव रमाकांत विठ्ठल आचरेकर. धर्मशास्त्र किंवा व्याकरण त्यांनी कोणाला शिकविले नाही. दादरच्या शिवाजी पार्क मैदानावर मुलांना क्रिकेट शिकविण्यात त्यांनी आपले आयुष्य वेचले.

दुसऱ्या दिवशी, ३ जानेवारीला, त्यांची अंत्ययात्रा त्याच मैदानावरून गेली. पांढऱ्या गणवेशातील मुले दुतर्फा उभी राहिली आणि त्यांनी आपल्या बॅटी उंच धरून गुरूसाठी कमान केली. पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत सचिन तेंडुलकर होते, विनोद कांबळी होते. त्याच दिवशी सहस्रावधी मैलांवर ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे सुरू झालेल्या कसोटी सामन्यात भारतीय खेळाडू दंडावर काळी फीत बांधून मैदानात उतरले. राजे-महाराजे, मंत्री-पुढारी यांच्या वाट्याला मोठमोठ्या अंत्ययात्रा येतात. पण मुलांनी आपल्या खेळाची साधने उंचावून दिलेला निरोप किती जणांच्या भाग्यी असतो?

वाचकहो, तुम्ही म्हणाल, मुंबईच्या या प्रशिक्षकाचा आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलुखाशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. परंतु त्याआधी या गृहस्थांची ओळख करून घेऊ.

एकच सामना

आचरेकरांचा जन्म १९३२ सालचा. चरितार्थासाठी ते स्टेट बँकेत नोकरी करीत. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना आहे. १९६३-६४ च्या हंगामात हैदराबादच्या मोईन-उद-दौला स्पर्धेत ते स्टेट बँकेच्या संघातून खेळले, आणि त्या दर्जाचे क्रिकेट त्यांच्यापुरते तेथेच संपले. ज्याला जगाने यश म्हणावे ते त्यांच्या पदरात पडले नाही. दुसरा कोणी असता तर आयुष्यभर नशिबाला दोष देत बसला असता. आचरेकरांनी तसे केले नाही. जे आपल्याला मिळाले नाही ते दुसऱ्यांच्या मुलांना मिळावे म्हणून ते पहाटे उठून मैदानावर जाऊ लागले. शिवाजी पार्कवर त्यांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लब चालविला. चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, बलविंदरसिंग संधू, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अजित आगरकर, अमोल मुझुमदार अशी शिष्यांची मालिकाच त्यांच्या हाताखालून गेली. सरकारने १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार दिला आणि २०१० साली पद्मश्री.

शिकविण्याची रीत

अकरा वर्षांच्या सचिनला त्याचा थोरला भाऊ अजित सरांकडे घेऊन गेला. सर समोर उभे आहेत हे पाहून मुलगा बावरला आणि त्याला धड खेळता येईना. तेव्हा भावाने विनविले की, आपण थोडे दूर जाऊन याचा खेळ पाहावा. सर झाडाआड गेले, तेथून त्यांनी पाहिले आणि मुलाला पदरी घेतले. या साध्या प्रसंगात मोठे मर्म आहे. मुलाची भीती ही त्याची पात्रता नव्हे, हे त्या गुरूला कळत होते, आणि मुलासाठी आपण बाजूला सरण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पुढे मात्र गाठ कठोर मेहनतीशी होती. पहिल्याच उन्हाळ्याच्या सुटीत साठ दिवसांत पंचावन्न सराव-सामने सचिनला खेळावे लागले. संध्याकाळी सराव संपत आला की सर मधल्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याला ते नाणे मिळे. कोणालाच जमले नाही तर ते सचिनचे. अशी तेरा नाणी त्यांनी मिळविली. आज जगातील मोठमोठे चषक त्यांच्या घरी असताना ती तेरा नाणी त्यांना अमोल वाटतात. नाणे मिळो वा न मिळो, पायाला पॅड बांधलेले असतानाच मैदानाला दोन फेऱ्या मारावयाच्या, हा दिवसाचा शेवट ठरलेला असे.

एकदा सरांनी सचिनसाठी एक सामना ठरविला होता. मुलगा तो सोडून आपल्या शाळेच्या मोठ्या मुलांचा अंतिम सामना पाहावयास वानखेडे मैदानावर गेला. सरांनी त्याच्या थोबाडीत मारली आणि बजावले की, दुसऱ्यांसाठी टाळ्या पिटू नकोस. असा खेळ की लोक तुझ्यासाठी टाळ्या पिटतील. ही हकीकत खुद्द सचिननेच कृतज्ञतेने सांगितली आहे.

येथे आईबापांना आणि शिक्षकांना एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. या हकीकतीतून थप्पड तेवढी उचलू नये. संत योहान बॉस्को यांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात तुरीन नगरीत रस्त्यावरची शेकडो अनाथ मुले गोळा केली, त्यांच्याबरोबर ते स्वतः खेळले, धावले, जादूचे खेळ करून दाखविले. आणि विवेक, धर्म व माया या तीन गोष्टींवर त्यांचे सारे शिक्षण उभे होते. मारझोडीला त्यांच्या पद्धतीत स्थान नव्हते. आचरेकरांचा शिष्य एका थपडेने घडला असे जर कोणी समजेल तर तो भ्रम होय. याच सरांनी त्या मुलाला आपल्या स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेले. एक सामना संपला की दुसऱ्या सामन्यासाठी शिवाजी पार्क ते आझाद मैदान अशा त्यांच्या खेपा चालत. जो मुलासाठी आपला दिवस खर्ची घालतो त्याचा शब्द मुलाला लागतो. थप्पड कोणीही मारील. स्कूटरवर बसवून उन्हातान्हात हिंडविणारा विरळा.

दोन शिष्य

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रम शाळेचा सामना येशूसंघीय धर्मगुरूंच्या सेंट झेवियर्स शाळेशी होता. सचिन आणि विनोद कांबळी या जोडीने ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. डाव घोषित करण्याचा सरांचा निरोप येत होता, आणि मुले तो ऐकूनही न ऐकल्यासारखे करीत होती. शेवटी सरांनी दूरध्वनीवरून दटावले तेव्हा विनोदने साडेतीनशेव्या धावेसाठी केलेली विनवणीही त्यांनी मानली नाही. पुढे एकाच्या वाट्याला दोनशे कसोटी सामने आणि शंभर आंतरराष्ट्रीय शतके आली. दुसऱ्याने १९९३ साली लागोपाठ दोन कसोटींत द्विशतके झळकविली. पण त्याची कसोटी कारकीर्द सतराच सामन्यांत आटोपली.

पेरणाऱ्याचा दृष्टान्त आपण चर्चमध्ये दरवर्षी ऐकतो. बी एकच, हात एकच. पीक मात्र निरनिराळे. गुरूला पेरता येते, पिकविता येत नाही. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर आचरेकरांच्या स्मारकाचे अनावरण झाले तेव्हा प्रकृती खालावलेली असतानाही विनोद कांबळी तेथे आले आणि जुन्या मित्राचा हात त्यांनी घट्ट धरला. एकाचे जीवन भरभराटीचे, दुसऱ्याचे खडतर. पण त्या गुरूच्या नावापाशी दोघांनाही सारखीच जागा होती.

आपल्या मुलुखाशी नाते

आता पांढुर्ण्याकडे वळू. आपली भाषा मराठी, आपला बाजार आणि आपले सोयरे नागपूरकडचे. राज्य मात्र मध्य प्रदेश. त्यामुळे येथील मुलांपुढे क्रिकेटच्या दिवसांत एक गोड पेच असतो : विदर्भाच्या बाजूने ओरडावे की मध्य प्रदेशाच्या? या दोन्ही संघांना रणजी करंडक दीर्घकाळ दुर्लभ होता. विदर्भाने तो प्रथम जिंकला १ जानेवारी २०१८ रोजी, तोही आपल्या मध्य प्रदेशातील इंदूरच्या मैदानावर. दुसऱ्यांदा जिंकला नागपुरात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, आचरेकरांच्या निधनानंतर सुमारे सव्वा महिन्याने. आणि जून २०२२ मध्ये बंगळूर येथे मध्य प्रदेशाने इतिहासात प्रथमच रणजी करंडक उचलला. या तिन्ही विजयांच्या वेळी संघाचा प्रशिक्षक एकच होता : आचरेकरांचे शिष्य चंद्रकांत पंडित. १९९८-९९ च्या हंगामात याच बंगळूरच्या मैदानावर पंडितांच्या कप्तानपदाखाली मध्य प्रदेश अंतिम सामना हरला होता. तेवीस वर्षांनी करंडक हाती आला तेव्हा त्या शिस्तकडक माणसाला अश्रू आवरले नाहीत.

त्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशासमोर मुंबईचा संघ होता, आणि मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. म्हणजे दोन्ही बाजूंना आचरेकरांचेच शिष्य! मुझुमदारांची कथा तर ऐकण्यासारखी आहे. १९८८ च्या त्या ६६४ धावांच्या सामन्यात पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. त्याची पाळी आलीच नाही. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारतीय संघाचे दार त्यांना उघडले नाही. त्यांनी कटुता धरली नाही; ते शिकवू लागले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून प्रथमच विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक मुझुमदार होते. कप्तान हरमनप्रीत कौर हिने वाकून त्यांच्या पायांना स्पर्श केला. त्या नमस्कारातील काही भाग शिवाजी पार्कच्या त्या वृद्ध गुरूला पोचला, असे म्हणावयास हरकत नाही.

संत पौल आपल्या तरुण सोबती तिमथ्याला सांगतात की, माझ्याकडून जे ऐकलेस ते अशा विश्वासू माणसांच्या स्वाधीन कर, की जी ते पुन्हा इतरांना शिकवू शकतील. गुरुत्वाची याहून नेमकी कसोटी दुसरी नाही. शिष्य मोठा होणे हे गुरूचे यश खरे. पण शिष्य स्वतः गुरू होणे, आणि आपल्याला जे मिळाले नाही ते त्याने पुढच्यांना मिळवून देणे, हे त्याहून मोठे यश. आचरेकरांना ते लाभले.

न उच्चारलेला शब्द

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी निरोपाच्या भाषणात सचिन विनोदाने म्हणाले की, मी गाफील होईन या भीतीने सरांनी एकोणतीस वर्षांत एकदाही मला शाबासकी दिली नाही. आता मी खेळणार नाही, तेव्हा द्यावयास हरकत नसावी. सारे हसले. पण त्या हसण्याखाली एक आस होती. जगाने देव्हाऱ्यात बसविलेल्या माणसालाही आपल्या गुरूच्या तोंडचा एक शब्द हवा होता.

प्रिय वाचकहो, हा शब्द दोन्ही बाजूंनी राहून जातो. गुरू शाबासकी राखून ठेवतात, आणि शिष्य आभार. मग एके दिवशी बातमी येते, आणि जे बोलावयाचे ते हारफुलांच्या स्वाधीन करावे लागते. आपल्या गावातही असे अनेक जण आहेत : व्यायामाचे मास्तर, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या बाई, शाळा सुटल्यावर मैदानावर उभा राहणारा एखादा निवृत्त कारकून. त्यांचे स्मारक कोणी उभारणार नाही. त्यांना भेटावयास या आठवड्यात सवड काढावी. ज्याने आपल्याला चेंडू धरावयास, गणित मांडावयास किंवा गुडघे टेकावयास शिकविले, त्याला ते सांगावे.

आचरेकर आपल्या धर्माचे नव्हते. पण जे सत्य आणि चांगले आहे ते कोठेही असो, ख्रिस्तसभा त्याचा आदर करते, आणि दुसऱ्यांच्या लेकरांसाठी झिजलेले आयुष्य हे चांगलेच असते. स्वर्गातील क्रिकेट आता अधिक संपन्न होईल, असे सचिन त्यांच्या मृत्यूनंतर म्हणाले. स्वर्ग म्हणजे मैदान नव्हे, हे आपण जाणतो. तथापि प्रेमाने घडविणारा माणूस मातीत विझून जात नाही, ही त्या उद्गारामागची श्रद्धा आपलीही आहे. आपले जे गुरू आज देवाघरी आहेत त्यांची नावे येत्या मिस्साबलिदानाच्या वेळी मनात आणावी. प्रभू त्यांना चिरशांती देवो. आणि जे अजून आपल्यात आहेत त्यांना आपल्या तोंडून तो राहिलेला शब्द ऐकावयास मिळो.