तिचें नांव काय होतें?

बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चौसाळें लागतें. पूर्वीं अशा गांवीं परकें माणूस आलें कीं तें कोणाकडे उतरलें, कोणाचें कोण, हें दिवेलागणीपर्यंत साऱ्या गांवाला ठाऊक होई. आतां सोलापूर-धुळें मार्गावरून रात्रंदिवस मोटारी धांवतात. त्यांतून कोण गेलें, कोण उतरलें, हें सांगणारा कोणी नाहीं. अशा रस्त्याकडेच्या रानांत एखाद्या अनोळखी तरुणीचें प्रेत सांपडलें, तर काय करावें? प्रश्न अभद्र आहे खरा. परंतु ज्यांच्या घरांत लेकीसुना आहेत त्यांनीं तो टाळूं नये.

कायद्याचें उत्तर स्पष्ट आहे. अपमृत्यूची वर्दी येतांच पोलीस अधिकाऱ्यानें जवळच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यास कळवावें, जागेवर जावें, आणि शेजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष जखमांचें व मरणाच्या दिसणाऱ्या कारणाचें टिपण करावें. कारणाविषयीं संशय असल्यास प्रेत शल्यचिकित्सकाकडे पाठवावें. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंतील 174 वें कलम हेंच सांगत होतें. 1 जुलै 2024 पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेंतील 194 वें कलमही हेंच सांगतें. पंचनामा म्हणजे कागद काळे करणें, असा आपल्याकडे समज आहे. परंतु जिच्या वतीनें बोलणारें कोणी उरलें नाहीं, तिच्यासाठीं तेवढा एक कागदच बोलत असतो.

तो न झाल्यास काय होतें, हें रायगड जिल्ह्यानें पाहिलें आहे. 23 मे 2012 रोजीं पेण तालुक्यांतील गागोदें खुर्दच्या रानांत एक जळालेलें प्रेत आढळलें. (शेजारचें गागोदें बुद्रुक हें विनोबांचें जन्मगांव.) पोलीसपाटलानें वर्दी दिली. पोलीस आले; कांहीं अवशेष तपासणीसाठीं मुंबईस जे. जे. रुग्णालयाकडे गेले, उरलेले तेथेंच पुरण्यांत आले. खुनाचा गुन्हा तर राहोच, आकस्मिक मृत्यूची साधी नोंदही रीतसर झाली नाहीं.

तीन वर्षें ती कोणाचीच नव्हती. ऑगस्ट 2015 मध्यें मुंबईंत शस्त्राच्या एका निराळ्याच प्रकरणांत पकडलेल्या मोटारचालकाच्या जबानीवरून पोलीस पुन्हां त्या रानांत गेले व अवशेष उकरून काढले. एप्रिल 2012 पासून न दिसलेल्या मुंबईच्या एका तरुणीचे ते आहेत, असें डीएनए परीक्षेच्या आधारें सांगण्यांत आलें. तिच्यासाठीं चौकशी करणारें जवळचें माणूस होतें. पण ती परदेशीं गेल्याचें त्याला सांगण्यांत आलें, आणि विषय तेथेंच थांबला. पेण व मुंबई यांत दोन-अडीच तासांचें अंतर! एकीकडे नांव नसलेलें प्रेत, दुसरीकडे प्रेत नसलेलें नांव. दोहोंची गांठ घालण्यास एक नोंद पुरली असती.

खटल्यांत 2017 सालीं साक्षी सुरू झाल्या, त्या 2025 सालींही चालूच होत्या. अवशेष तिचेच कशावरून, हा बचावपक्षाचा वाद होता; त्यांत 2024 सालीं तीं हाडें सांपडत नसल्याचें न्यायालयास सांगावें लागलें, व पुढें तीं तपासयंत्रणेच्याच दिल्लीच्या कचेरींत मिळालीं! निकाल होईपर्यंत कोणास दोषी म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. परंतु 2012 सालच्या त्या कोऱ्या पानाची किंमत कोणत्या न्यायालयाला भरून काढतां येईल?

याउलट नॉर्वे देशांतील बर्गेन शहराजवळची हकीकत पाहा. 29 नोव्हेंबर 1970 रोजीं इसदालेन दरींत अर्धवट जळालेलें एका स्त्रीचें प्रेत सांपडलें. कपड्यांवरच्या खुणेच्या चिठ्ठ्या कापलेल्या होत्या. रेल्वे स्टेशनांत तिच्या दोन पेट्या मिळाल्या. ती निरनिराळ्या खोट्या नांवांनीं हॉटेलांत उतरत असे, हेंही उघड झालें. पोलिसांनीं आत्महत्येचा निष्कर्ष काढला, तरी खून मानणारे पुष्कळ. तिचा जबडा जपून ठेवलेला होता. म्हणून 2016 सालीं पुन्हां तपास सुरू झाल्यावर दांतांवरून तिचें बालपण कोणत्या प्रदेशांत गेलें असावें, याचा अंदाज घेतां आला. नांव मात्र मिळालें नाहीं.

तेथें एवढें करूनही नांव मिळालें नाहीं, आणि येथें कांहीं न करतां मिळालें. मग हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. पेणला नांव मिळालें तें योगायोगानें. बर्गेनच्या पोलिसांनीं योगायोगावर भिस्त ठेवली नाहीं. 5 फेब्रुवारी 1971 रोजीं तिला मूठमाती दिली, तेव्हां भोंवतीं उभे होते ते पोलीसच. आणि पुढेंमागें कोणी वारस आला तर प्रेत त्याच्या स्वाधीन करतां यावें, म्हणून तिची शवपेटी जस्ताची केलेली होती.